अनामिकतेचे मोजमाप

अनामिकता म्हणजे समूहात मिसळून राहता येणे. एखादे पत्र, ठसा किंवा नोंद जितक्या जास्त माणसांची असू शकते, तितकी तिच्यामागच्या माणसाची अनामिकता मोठी. हा समूह केवढा आहे ते माहिती सिद्धांत ‘बिट’ या एककात सांगतो. शक्यतांची संख्या निम्म्यावर आणणारी माहिती म्हणजे एक बिट. १,०२४ माणसांतून एक शोधायचा तर ही संख्या दहा वेळा निम्मी करावी लागते, म्हणून त्या शोधाला १० बिट लागतात. जगाची लोकसंख्या ८ अब्जांच्या वर आहे. तिच्यातून एक माणूस नेमका वेगळा काढायला ३३ बिट पुरतात. भारताच्या सुमारे १४० कोटी लोकांसाठी ३०.४, तर दहा लाख वस्तीच्या शहरासाठी २० बिट लागतात. माणसाविषयी कळलेली प्रत्येक गोष्ट यातले काही बिट खर्ची घालते. शिल्लक शून्यावर आली की नाव ठाऊक नसले तरी माणूस सापडलेला असतो.

हे एकक १९४८ साली रूढ झाले. त्यामागचा हिशेब मात्र त्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी पोलीस कचेऱ्यांतल्या कपाटांत सुरू झाला होता.

पॅरिसची कपाटे

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय शहरांत पोलिसांना सराईत गुन्हेगार ओळखणे जड जात असे. दुसऱ्यांदा पकडलेल्याला शिक्षा जास्त, म्हणून तो नाव बदलून सांगे. नोंदी नावानुसार लावलेल्या असल्यामुळे नाव बदलले की सगळे दप्तर निरुपयोगी ठरे. छायाचित्रे होती, पण हजारो छायाचित्रांतून एक चेहरा शोधणे हाताने जमणारे काम नव्हते.

१८७९ साली पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात कारकून म्हणून लागलेल्या आल्फाँस बेर्तीयाँ याने यावर उपाय काढला. प्रौढ माणसाच्या शरीराची अकरा मापे घ्यायची: उंची, पसरलेल्या हातांची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, डावे पाऊल, मधले बोट वगैरे. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन वर्ग करायचे आणि पत्रिका त्या क्रमाने कपाटाच्या खणांत लावायच्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये या पद्धतीने खोटे नाव सांगणारा पहिला कैदी ओळखला गेला, आणि काही वर्षांतच ती इतर देशांनीही उचलली.

तीन वर्गांची अकरा मापे म्हणजे १,७७,१४७ खण. आजच्या भाषेत सांगायचे तर एका मापातून १.५८ बिट आणि अकरा मापांतून जास्तीत जास्त १७.४ बिट माहिती मिळते. वर्गांच्या सीमा ठरवताना बेर्तीयाँने तिन्ही वर्गांत साधारण सारखी माणसे पडतील अशी काळजी घेतली होती. माहिती सिद्धांताचा नियमही हाच आहे: वर्ग समसमान भरले तरच मापातून सर्वाधिक माहिती मिळते. दहातली नऊ माणसे एकाच वर्गात पडणार असतील, तर ते माप घेण्याचे श्रम जवळजवळ वाया जातात.

या हिशेबातली उणीव फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या लक्षात आली. अकरा मापे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. उंच माणसाचा हात लांब असतो आणि पाऊलही मोठे असते. उंची कळल्यावर हाताची लांबी निम्मीअधिक कळलेलीच असते, म्हणून तिचे बिट पुन्हा पूर्ण मोजता येत नाहीत. या विचारातून गॉल्टनने १८८८ मध्ये सहसंबंधाची संकल्पना मांडली आणि ती पुढे संख्याशास्त्राचा पाया बनली. ओळखीच्या खुणांची बेरीज करताना दोन खुणांतली सामाईक माहिती एकदाच धरायची, हा धडा इथून मिळाला. पुढच्या काळात अनामिकतेविषयीचे अनेक अंदाज चुकले ते तो विसरल्यामुळे.

बंगालमधले ठसे

बोटांच्या ठशांचा सरकारी वापर बंगालमध्ये सुरू झाला. १८५८ साली जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा मक्ता घेणाऱ्या राज्यधर कोनाई याच्याकडून करारावर हाताचा ठसा घेतला. सही आपली नाहीच असे त्याने पुढे म्हणू नये, एवढाच हेतू होता. १८७७ मध्ये हुगळी जिल्ह्यात निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांच्याकडून हर्शेलने ठसे घेण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या दस्तऐवजांवर दिसणारी ‘निशाणी डावा अंगठा’ याच कुळातली.

ठसा किती वेगळा असतो याचा पहिला गणिती अंदाज गॉल्टनने १८९२ च्या ‘फिंगर प्रिंट्स’ या पुस्तकात दिला. त्याने ठशाचे २४ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली रेघांची ठेवण अंदाजाने बरोबर सांगता येण्याची शक्यता एक-द्वितीयांश धरली. ठशाच्या एकूण घाटासाठी एक-षोडशांश आणि भागांत शिरणाऱ्या-निघणाऱ्या रेघांसाठी २५६ मध्ये एक अशा आणखी दोन शक्यता जोडल्या. त्यांचा गुणाकार २ च्या ३६ व्या घातात एक इतका आला. गॉल्टनने तो सुमारे ६४ अब्जांत एक असा नोंदवला. म्हणजे एका बोटाच्या ठशात ३६ बिट. एककाला नाव मिळण्याच्या ५६ वर्षे आधी काढलेले हे उत्तर दोनच्या घातांतच मांडलेले होते.

ठसा वेगळा असणे ही एक गोष्ट आणि लाखो ठशांतून तो शोधता येणे ही दुसरी. दुसरा प्रश्न कलकत्त्यात सुटला. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६, दुसरीत ८, मग ४, २ आणि १ असे अंक द्यायचे. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एकेका बोटाच्या अशा दोन बेरजा करून प्रत्येकीत १ मिळवला की अपूर्णांकासारखी एक संख्या तयार होते. अंश आणि छेद दोन्ही १ ते ३२ मध्ये असल्यामुळे एकूण वर्ग ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४. प्रत्येक बोटाला ‘चक्र आहे का?’ हा एकच होय-नाहीचा प्रश्न आणि दहा बोटांची दहा उत्तरे: ही पद्धत पूर्णपणे द्विमान अंकांची होती. १८९७ मध्ये सरकारने शरीरमापांऐवजी ठसे स्वीकारले आणि कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने घेतली. तिला हेन्री यांचे नाव मिळाले. हक आणि बोस यांच्या कामाची सरकारी दखल बऱ्याच उशिरा घेतली गेली.

१,०२४ खण असले तरी या वर्गीकरणातून पुरे १० बिट मिळत नाहीत. चक्राचे प्रमाण ठशांत साधारण एक-तृतीयांश धरले तर एका बोटामागे ०.९२ आणि दहा बोटांमागे ९.२ बिट येतात. शिवाय एका बोटावर चक्र असलेल्याच्या दुसऱ्या बोटांवरही ते असण्याचा संभव जास्त, म्हणून प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येतो. काही खण पत्रिकांनी फुगत आणि काही जवळजवळ रिकामे राहत. उपवर्ग पाडण्याची गरज त्यामुळेच पडली.

दहा बोटे आणि एक अंगठा

एकच अंगठा घेतला तर माणसाने सांगितलेले नाव खरे की खोटे एवढे पडताळता येते. दप्तरात कुठे पाहायचे ते त्या नावावरून कळते. दहाही बोटे घेतली तर नाव न विचारता दप्तरातून माणूस काढता येतो. पहिल्या कामाला पडताळणी म्हणतात, दुसऱ्याला शोध. अनामिकता जाते ती दुसऱ्यात.

हा फरक दक्षिण आफ्रिकेत राजकीय झाला. ट्रान्सवालमधल्या १९०६-०७ च्या नोंदणी कायद्याने हिंदी लोकांच्या बोटांचे ठसे मागितले आणि गांधीजींनी त्याविरुद्ध सत्याग्रह उभारला. दहा बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात हे त्यांना हेन्री यांच्या पुस्तकातून कळल्याचे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९०८ च्या तडजोडीनंतर ते स्वतः ठसे द्यायला निघाले, तेव्हा चिडलेल्या सहकाऱ्यांतल्याच एकाने त्यांच्यावर हल्ला केला.

हिंदुस्थानात १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या कोणत्याही माणसाचे ठसे घेण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला दिला. पारध्यांसारख्या जमातींतली माणसे जन्मानेच दप्तरात येत. गुन्हा घडला की संशयितांचा समूह सगळ्या तालुक्याऐवजी एका वस्तीपुरता उरे. बरेचसे बिट तपासाआधीच खर्ची पडलेले असत. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला.

शॅनन आणि शंका मोजणे

१९४८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. एखाद्या गोष्टीविषयीची अनिश्चितता त्यांनी एन्ट्रॉपी या राशीने मोजली. घटना जितकी दुर्मीळ तितकी ती कळल्याने मिळणारी माहिती जास्त. सर्व शक्यतांवर काढलेली या माहितीची सरासरी म्हणजे एन्ट्रॉपी. ‘बिट’ हा शब्द जॉन ट्यूकी यांनी सुचवला होता.

अनामिकतेच्या दृष्टीने शॅनन यांचा १९४९ चा गुप्तलेखनावरचा निबंध अधिक जवळचा आहे. गुप्त संदेशाचे एकेक अक्षर शत्रूच्या हाती पडते तसतशी किल्लीविषयीची अनिश्चितता किती घटते, याचा हिशेब त्यात आहे. इंग्रजी मुळाक्षरांची साधी अदलाबदल केलेल्या संकेतात किल्लीची अनिश्चितता सुमारे ८८ बिट असते. भाषेत पुनरुक्ती भरपूर असल्यामुळे प्रत्येक अक्षरागणिक तीनएक बिट गळतात आणि तिसाच्या आतबाहेर अक्षरे मिळाली की किल्ली एकच उरते. किल्लीच्या जागी माणूस आणि अक्षरांच्या जागी त्याच्या वागण्याचे तुकडे ठेवले की अनामिकता गमावण्याचे गणित तयार होते.

लेखनशैलीतूनही असे तुकडे निसटतात. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध निघाले. त्यांतल्या बारांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. संशयित दोनच होते, म्हणजे उरलेली अनामिकता जेमतेम एक बिट. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ मध्ये किरकोळ शब्दांची वारंवारता मोजून ती संपवली. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनएकदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. विषयाशी संबंध नसलेल्या अशा शब्दांचा पुरावा जोडत जाऊन बाराही निबंध मॅडिसनचेच असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

अनामिकतेची व्याख्या

संगणकजाळ्यांत अनामिकता मुद्दाम घडवण्याचे काम डेव्हिड चॉम यांनी सुरू केले. १९८१ मध्ये त्यांनी अनेक पत्रे गोळा करून, ती मिसळून पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेची कल्पना मांडली, आणि पत्र कोणाचेही असू शकेल अशा लोकांच्या गटाला पुढे ‘अनामिकता संच’ हे नाव दिले. सुरुवातीला संचातली माणसे मोजली की काम झाले असे मानले जाई. पण संचातल्या सर्वांवर सारखाच संशय क्वचित असतो.

२००२ मध्ये आंद्रेई सर्जांतोव आणि जॉर्ज डानेझिस यांनी, तसेच क्लाउडिया डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाच परिषदेत स्वतंत्रपणे संचाची एन्ट्रॉपी हे माप सुचवले. १,०२४ माणसांवर सारखा संशय असेल तर एन्ट्रॉपी १० बिट. त्यांतल्या एकावर निम्मा संशय आणि उरलेला निम्मा बाकीच्या १,०२३ जणांत वाटलेला असेल तर ती ६ बिट होते. म्हणजे हजाराचा जमाव प्रत्यक्षात ६४ जणांएवढाच आसरा देतो. यावरही आक्षेप आला. त्या एका माणसाच्या दृष्टीने ६४ हा आकडा दिलासा देणारा नाही, कारण पहिल्याच अंदाजात तो पकडला जाण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत वाईट स्थितीही मोजायची पद्धत पडली. सर्वाधिक संशयितापुरते पाहिले तर इथे एकच बिट शिल्लक आहे.

नावे खोडलेली दप्तरे

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी नावे-पत्ते काढून संशोधनासाठी दिल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही जुळवून राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधली. यादीत ५४,८०५ मतदार होते, म्हणजे १५.७ बिट. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहाच जण निघाले: शिल्लक २.६ बिट. त्यांत पुरुष तीन: १.६ बिट. त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच: शून्य.

पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून असा अंदाज दिला की जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकी एकमेव ठरतात. २००६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात हे प्रमाण ६३ टक्के आले. हिशेब पाहिला तर नवल वाटत नाही. जन्मतारखेचे १४.८, सुमारे ३०,००० टपाल विभागांचे १४.९ आणि लिंगाचा १ मिळून ३०.७ बिट होतात. त्या वेळच्या सुमारे २५ कोटी लोकसंख्येला २७.९ पुरत होते.

२००६ मध्ये नेटफ्लिक्सने सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटी गुण नावे काढून स्पर्धेसाठी खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव यांनी दाखवले की आठ चित्रपटांचे गुण, त्यांतले दोन चुकीचे असले तरी, आणि दोन आठवड्यांच्या फरकाने तारखा माहीत असतील तर ९९ टक्के नोंदी ओळखता येतात. निम्म्या लोकांनी पाहिलेला चित्रपट एकच बिट सांगतो, हजारांत एकाने पाहिलेला दहा. ओळख उघडी पडते ती वेगळ्या आवडीमुळे. २०१० मध्ये पीटर एकर्स्ली यांच्या अभ्यासात नुसत्या ब्राउझरच्या मांडणीतून १८.१ बिट मिळाले. २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवरून दिसले की माणूस केव्हा कुठे होता याचे चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळे काढतात.

पिनकोड, १ जून आणि आधार

भारतातला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पत्र अचूक पोहोचवण्यासाठी केलेल्या या सहा अंकांतून, पिनकोड सुमारे १९,००० असल्याने, १४.२ बिट मिळतात. जन्मतारीख आणि लिंग जोडले की ३० बिट होतात. देशाला लागतात ३०.४. सर्व विभाग आणि तारखा सारख्या वाटलेल्या मानल्या तर या तीन गोष्टी जुळणारी माणसे सरासरी सव्वा उरतात. आडनाव मिळाले की तेवढाही संशय राहत नाही.

वाटणी अर्थातच सारखी नाही. मुंबईतल्या दाट वस्तीचा पिनकोड कमी सांगतो, विरळ वस्तीच्या डोंगरी भागातला जास्त. जन्मतारखेचेही तसेच. जन्माची नोंद नसलेल्या मुलाची तारीख गुरुजींनी १ जून लावायची, ही महाराष्ट्रातल्या शाळांची जुनी रीत. त्यामुळे एका पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस एकच आहे. अशा माणसाची तारीख जन्मवर्षापलीकडे फारसे सांगत नाही. नोंदीतल्या या ढिलाईने त्याला सात-आठ बिटांचे आवरण दिले.

पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. नोंदणीत दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा घेतला जातो. एकाच माणसाची दोनदा नोंद झालेली नाही ना हे पाहण्यासाठी ही माहिती साऱ्या देशाच्या नोंदींशी ताडली जाते. रेशन दुकानात मात्र सांगितलेल्या क्रमांकाशी एक बोट जुळवले जाते. ट्रान्सवालमध्ये ज्यावरून झगडा झाला ती शोध आणि पडताळणी ही दोन्ही कामे इथे एकाच यंत्रणेत आली.

खर्चाला मर्यादा

अनामिकता पुरी राखून उपयोगी माहिती देता येत नाही, हे मान्य झाल्यावर प्रश्न उरला तो गळती किती होऊ द्यायची याचा. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ पद्धतीत प्रत्येक उत्तरात मोजून गोंगाट मिसळतात. एखादा माणूस नोंदींत असला काय आणि नसला काय, उत्तराच्या संभाव्यतेत ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. ते प्रमाण लॉगरिदमात मांडतात, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाची गळती आधीच्या गळतीत मिळवतात. २०२० च्या जनगणनेचे आकडे अमेरिकेने याच पद्धतीने प्रसिद्ध केले.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ज्या विदेवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक मानली. ‘ओळखता येतो’ याचा निर्णय नाव खोडले की नाही यावर करता येत नाही. उरलेल्या रकान्यांतून किती बिट मिळतात, त्यांतले किती एकमेकांत सामाईक आहेत आणि ज्याच्या हाती ते पडणार त्याच्यापाशी जुळवायला दुसरी कोणती यादी आहे, हे तीन आकडे मांडल्याशिवाय कोणतेही दप्तर निनावी म्हणून जाहीर करू नये.